मुक्कामाची गाडी

आमच्या गावाला एस.टी. रात्री मुक्कामाला यायची. पारोळा तालुक्यातलं कोरडवाहू गाव, कपाशी आणि ज्वारीचं. अंधार पडल्यावर आलेली गाडी सकाळी उजाडायच्या आत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या ओट्यावर झोपायचे, पावसाळ्यात शाळेच्या पडवीत. त्यांना कोणी जेवू घालायचं, हे कुठं ठरलेलं नव्हतं. पण ते उपाशी झोपले असंही कधी झालं नाही. आमची आजी तर गाडीचा हॉर्न ऐकला की तव्यावर कळण्याच्या दोन भाकरी जास्तीच्या टाकायची. भरीत असेल तर भरीत, नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. कंडक्टरला सगळे मास्तर म्हणत. त्यांचं खरं नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

दहावीनंतर मला धुळ्याला घातलं. आमचा जिल्हा जळगाव, पण ओढा धुळ्याकडे. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्याचेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. सोयरिकींना ही वाटणी कधी कळलीच नाही. मावशी धुळ्याला, आत्या एरंडोलला, मामा अमळनेरला. मी मावशीच्या गल्लीतल्या एका खोलीत आणखी दोन मुलींबरोबर राहायचे. मावशीचं घर दीड खोलीचं, माणसं सात. तिच्याकडे जेवणाचा भार टाकणं वडिलांना पटेना. मेसचे पैसे परवडेनात. मग डबा गावाहून यायला लागला, एस.टी.नं.

ज्यांनी असा डबा खाल्ला नाही त्यांना हे खरं वाटणार नाही. आई पहाटे उठून डबा भरायची, त्याला जुन्या लुगड्याचं हिरवं फडकं बांधायची आणि वडील तो ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. "भाऊ, पोरना डबा शे, नीट लई जाज्यात." गाडी पारोळ्याला पोचली की मास्तर डबा उतरवून कंट्रोल केबिनमध्ये ठेवायचे. तिथला कंट्रोलर तो धुळ्याच्या पहिल्या गाडीत चढवायचा. धुळ्याच्या स्टँडवर सकाळी आम्ही पोरं-पोरी उभे असायचो. कोणाच्या डब्यावर ऑइलपेंटनं नाव, कोणाच्या कडीला लाल दोरा. मुकटी-फागण्याकडची मुलंसुद्धा असायची. संध्याकाळी रिकामा डबा त्याच वाटेनं उलटा जायचा, आत चिठ्ठी: "उद्या डुबूक वड्या", "वीस रुपये पाठव", "परीक्षेचा फॉर्म आला". आमच्या घरी फोन नव्हता, पोस्टाला चार दिवस लागायचे. डबा रोज पोचायचा.

या साखळीत निदान पाच-सहा माणसं होती आणि त्यांतलं कोणी माझ्या नात्याचं नव्हतं. पैसे मागितल्याचं आठवत नाही. एकदा पावसात फागण्याजवळ गाडी बंद पडली, तेव्हा त्या कंडक्टरनं उघड्या ट्रकवाल्याला हात करून पाच डबे त्याच्या केबिनमध्ये ठेवले. आम्हाला ते दुपारी दोनला मिळाले. आमटी सांडून फडकं पिवळं झालं होतं, तरी भूक लागल्यामुळे ती भाकरी आम्ही स्टँडच्या पायरीवरच बसून खाल्ली.

बारावीच्या वर्षी, थंडीत, मास्तर आमच्या गल्लीत आले. त्यांना गल्लीत बघायची सवय नव्हती. खाकी कपडे, बिल्ला, काखेत तिकिटांची पत्र्याची पेटी. म्हणाले, "तुनी आजी बिमार शे. घर चाल बेटा." मला त्यांनी कंडक्टरच्या सीटवर खिडकीशी बसवलं. तिकीट फाडलं, चिमट्यानं पंच केलं, माझ्या हातात दिलं; आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशातून पैसे काढून चामडी पिशवीत टाकले. मी पर्समध्ये हात घातला तर नुसती मान हलवली. फुकट नेलं नाही, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. महामंडळाचा पैसा महामंडळाला आणि मुलीची सोय स्वतःच्या खिशातून. आजी गेली आहे हे त्यांनी मला मुकटी मागं पडल्यावर सांगितलं, पारोळा यायच्या आधी, म्हणजे रडायला मला रस्ता मिळावा आणि घरात शिरताना डोळे पुसलेले असावेत.

दहाव्यानंतर वडिलांनी त्या तिकिटाचे पैसे पुढं केले. मास्तर म्हणाले, "म्हातारीनं मला इतकी वर्षं वाढलं, तिनं कधी बिल लावलं का?" पुढं त्यांची ड्यूटी बदलली. मी शिकले, पुण्याला नोकरीला लागले आणि त्यांचा पत्ता कधीच लागला नाही.

आता गावी जाते ती बहुधा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात दिवाळीपेक्षा लेकीबाळींना आखाजीची ओढ जास्त. झोका, सांजोऱ्या, आमरस आणि पूर्वजांची घागर. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाड्या ढिगानं सुटतात. मला त्या आवडत नाहीत. आत पडदा लावून झोपायचं आणि पहाटे बायपासवर उतरवून दिलं की रिक्षा शोधायची. मी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं चाळीसगावपर्यंत जाते आणि तिथून धुळ्याची गाडी धरते. ही शाखा १९०० सालची. धुळं शेवटचं स्टेशन. रूळ तिथं संपतात. पूर्वी पॅसेंजर होती, आता मेमू आहे. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, तो झाला की धुळ्याकडून पुढंही जाता येईल. होवो. तोवर या गाडीत गर्दी कितीही असो, समोरची बाई विचारतेच, "कोणाकडची तू?" शिरूड येईस्तोवर ती माझ्या आत्याच्या जावेची मामेबहीण निघते आणि मला चिवड्याचा पुडा मिळतो. खानदेशात अनोळखी माणूस सापडणं अवघड आहे.

धुळ्यात मावशीकडे एक रात्र, मग जळगावची एस.टी. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरीला गिरणेचा पूल. रस्ता चौपदरी झाला, पण स्टँडात शिरणारी गाडी अजून एस.टी.च. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा बरेच जण म्हणाले, आता बायका उगाच हिंडतील. हिंडू द्या की! भाऊ मुराळी म्हणून येईपर्यंत वाट बघणाऱ्या बायका आता आपल्या आपण माहेरी जातात, हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघते. माझ्या आईला पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे तिकीटच पडत नाही. यंत्रातून निघालेली शून्याची पावती ती देवाच्या फोटोमागं जपून ठेवते. कशाला, विचारलं तर म्हणते, "राहू दे, सरकारचा कागद आहे."

२०२१च्या दिवाळीच्या सुमाराला कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांत आमच्याकडची मुलं पारोळ्याच्या शाळा-कॉलेजला वडापच्या काळ्यापिवळ्यांत लोंबकळत गेली, मुलींपैकी काही घरीच बसल्या. संपकऱ्यांचं बरोबर की चूक, यावर गावात दोन तट होते. मी मात्र त्यांच्या पगाराचे आकडे तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले आणि त्या पगारातून मास्तरांनी माझं तिकीट काढलं होतं, हे लक्षात आलं.

फेडायला माणूस सापडला नाही की ऋण पुढच्याच्या नावावर चढवावं, असं माझी आजी म्हणायची. म्हणून मी जळगावच्या स्टँडवर बिबड्यांचं गाठोडं किंवा औषधाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारते, कुठं द्यायची आहे? तुम्हीही त्या रस्त्यानं गेलात आणि कोणी म्हणालं, "पारोळ्याला पोरगा येईल, तेवढी पिशवी द्याल का?", तर आत काय आहे ते बघून घ्या, नाव विचारून घ्या, पण नाही म्हणू नका.