दप्तरातली कचेरी

मुलांनो, तुम्ही दप्तरात वह्यापुस्तकं भरता ना? मी अख्खी कचेरी भरते! एक लॅपटॉप, त्याचा चार्जर, कानाला लावायचा हेडफोन आणि एक वही. संपलं ऑफिस. माझी कंपनी लंडनला, आई नाशिकला आणि मी थायलंडच्या उत्तरेला, चियांग माय शहरात.

अशा लोकांना 'डिजिटल नोमॅड' म्हणतात, म्हणजे संगणकावर पोट असलेले भटके. या नावाचं एक इंग्रजी पुस्तक १९९७ सालीच निघालं होतं. कोरोनानंतर मात्र घरबसल्या काम करणं जगभर रुळलं आणि या भटक्यांसाठी देशांनी दारं उघडली. एस्टोनियानं २०२० मध्ये त्यांच्यासाठी वेगळा व्हिसा काढला, थायलंडनं २०२४ मध्ये.

भटके म्हटलं की आपल्याला दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे धनगर आठवतात. ते चाऱ्यामागे जातात, आम्ही इंटरनेटमागे. पण धनगर घोडी, कुत्री, भांडीकुंडी आणि मुलंबाळं असं सगळं बिऱ्हाड घेऊन निघतात. आमच्यातले पुष्कळसे एकटेच असतात. हा फरक लहान नाही, बरं का!

माझा दिवस उलटा चालतो. लंडनला हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा इथे दुपारचे चार. म्हणजे तुम्ही खेळायला पळता त्या सुमाराला माझी शाळा भरते आणि मध्यरात्री सुटते. सकाळ सगळी माझी. मग मी जुन्या शहरात भटकते. मंगराय राजानं १२९६ साली हे शहर वसवलं. चियांग माय म्हणजे 'नवं शहर'. सातशे वर्षं उलटली तरी नाव आपलं नवंच! भोवती चौकोनी खंदक आहे, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटरची. पश्चिमेला दोई सुथेप डोंगर. त्यावरच्या सोनेरी स्तूपाकडे जाताना तीनशेच्या वर पायऱ्या लागतात, आणि दोन्ही कठड्यांवर लांबच लांब नाग पसरलेले. डोंगरावर जायला लाल रंगाच्या 'सोंगथेव' मिळतात. 'सोंग' म्हणजे दोन, 'थेव' म्हणजे रांगा. समोरासमोर दोन बाकं, माणसं भरली की निघायचं. आपल्या वडापची सख्खी बहीणच!

भाषा शिकताना तर फार मजा आली. थाई वार ऐका : रविवार 'आथित', सोमवार 'चान', मंगळवार 'आंगखान', बुधवार 'फुत', शुक्रवार 'सुक', शनिवार 'साव'. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, शुक्र आणि शनी ओळखलेत ना? एप्रिलमध्ये रस्तोरस्ती पाणी उडवतात तो 'सोंगक्रान' म्हणजे आपली संक्रांतच. फक्त त्यांची मेष राशीची. आणि काही दुकानांवर पिवळी पताका असते, तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं 'जे'. म्हणजे मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य! चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईला फोनवर हे सांगितलं, तेव्हा कुठे तिला मी नीट जेवत असेन याची खात्री पटली.

इथे ओळखी पटकन होतात आणि तितक्याच पटकन पुसल्या जातात. आज शेजारी बसून कॉफी पिणारा माणूस पुढच्या महिन्यात व्हिएतनाममध्ये असतो. पहिल्या वर्षी माझ्या चार मैत्रिणी झाल्या, चौघीही गेल्या. मग मी ठरवलं की इथून न हलणाऱ्या माणसांशी मैत्री करायची. कोपऱ्यावर नूडल्सचं सूप विकणाऱ्या बाईंना मी 'पा' म्हणते. पा म्हणजे मोठी मावशी किंवा आत्या. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो तसंच. त्या रोज विचारतात, "किन खाव रू यांग?" भात खाल्लास का? आपल्या 'जेवलीस का?'चा हा जुळा भाऊ.

पण या शहराला वर्षातून एकदा ग्रहण लागतं. फेब्रुवारी ते एप्रिल जंगलांत वणवे पेटतात, शेतातला पालापाचोळा जाळतात आणि डोंगरांमधल्या या खोऱ्यात धूर कोंडून राहतो. समोरचा दोई सुथेप दिसेनासा होतो. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. हवेच्या प्रदूषणात चियांग मायचं नाव कित्येकदा जगात पहिलं येतं. मग आम्ही भटके काय करतो? दप्तर उचलतो आणि दक्षिणेकडच्या समुद्राकाठी पळतो. बेटांवरही इंटरनेट आहेच की!

गेल्या मार्चमध्ये मीही तिकीट काढलं. पांना सांगायला गेले, तर त्या तोंडाला मास्क लावून सूप ढवळत होत्या. शेजारी त्यांची नात गृहपाठ करत बसलेली, तिच्याही तोंडाला मास्क. शाळा चालू होती, गिऱ्हाईक चालू होतं. "तुम्ही कुठे जाणार?" मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला चूल उचलून नेता येत नाही."

मी गेले. समुद्राची हवा स्वच्छ होती, झोपही छान लागायची. पण रोज सकाळी फोनवर मी आधी चियांग मायच्या हवेचा आकडा बघायची. आणि नाशिकचाही, कारण आईलाही कुठे उचलून नेता येत नाही.

मे महिन्यात पाऊस पडला, तशी मी परतले. डोंगर पुन्हा जागेवर दिसत होता. पांच्या नातीनं मला 'चान' आणि 'साव' थाई अक्षरांत लिहायला शिकवलं. बदल्यात मी तिला देवनागरीत तिचं नाव काढून दिलं. ते आता सूपच्या गाडीवर चिकटवलेलं आहे, जरा तिरकं.