एका शब्दाचा भार

मराठीचे अध्यापन करणाऱ्याला काही शब्द वर्षानुवर्षे सतावत राहतात. माझ्यापुरता असा एक शब्द म्हणजे 'हुतात्मा'. सावरकरांनी मराठीला दिलेल्या या शब्दात यज्ञाची प्रतिमा आहे: ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. 'शहीद' या अरबी शब्दाच्या मुळाशी मात्र साक्ष आहे. व्यवहारात आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि कोणाचे काही अडत नाही. अडते ते स्मारकापाशी.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, सिद्धार्थ उद्यानात, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला तेथे पोलीस पथक मानवंदना देते. ज्यांना ती दिली जाते, त्यांची पिढी निजामाचे पोलीस आणि रझाकार यांच्याशीच झुंजली होती. मुंबईच्या हुतात्मा चौकातील मशालधारी कामगार-शेतकऱ्यांचे शिल्प संयुक्त महाराष्ट्रासाठी मेलेल्यांचे आहे, आणि त्यांतले बहुतेक पोलिसांच्या गोळीबारात पडले होते. पुढे महिनाभरात २१ ऑक्टोबर येतो. १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस मारले गेले, त्यांच्या स्मरणाचा हा दिवस. त्या दिवशीच्या संचलनातही शब्द तोच उच्चारला जातो, 'हुतात्मा'. गोळी झेलणारा नागरिक आणि गणवेशातला पोलीस, दोघांनाही एकच शब्द कसा पेलावा?

दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय पोलीस स्मारक या प्रश्नाला बगल देते असे मला वाटते. २०१८ साली त्याचे उद्घाटन झाले. शिल्पकार अद्वैत गडनायक यांनी घडवलेली तीस फूट उंचीची, २३८ टन वजनाची ग्रॅनाइटची शिला तेथे उभी आहे. तिला चेहरा नाही, गणवेश नाही, शस्त्र नाही. हा संयम मोठा आहे. शेजारच्या शौर्यभिंतीवर उद्घाटनाच्या वेळी ३४,८४४ नावे होती. परंतु नाव वाचून मरण कळत नाही. कोणाला वाचवताना, कोणत्या आज्ञेने, कोणत्या चौकात, हे दगड सांगत नाही. इतक्या नावांत एकेकाची गोष्ट विरून जाते आणि उरतो तो केवळ गणवेश.

गिरगाव चौपाटीवरील तुकाराम ओंबळे यांचा पुतळा म्हणूनच मला वेगळा वाटतो. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचा हा माणूस सैन्यातून पोलिसांत आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, हातात केवळ लाठी असताना, त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या शौर्याची स्तुती आपण नेहमी करतो. त्या कृतीचा दुसरा अर्थ मात्र क्वचित सांगतो. त्यांनी पकडून ठेवले म्हणून एक मारेकरी जिवंत हाती लागला. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागता आली, आणि मगच २०१२ साली शिक्षा अमलात आली. ओंबळ्यांच्या मरणाने सूड साधला नाही, न्यायाला अवसर मिळाला.

येथे मला त्या शब्दाचा भार थोडा उकलतो. पोलीस गणवेशात मेला एवढ्याने हुतात्मा होत नाही. तो कोणासाठी मेला, यावर ते ठरते. कायदा नागरिकाच्या बाजूने उभा राहावा म्हणून जो गेला, त्याला सिद्धार्थ उद्यानातील स्तंभाशेजारी उभे राहताना संकोच वाटू नये. मुक्तिसंग्रामातले लोक तरी दुसरे काय मागत होते?

शिल्प चेहरा जपते, भिंत नाव जपते. 'कोणासाठी' हा प्रश्न मात्र दगडावर कोरून उरत नाही. तो दर पिढीला पुन्हा विचारावा लागतो. ते काम भाषेचे आहे, म्हणजे अंशतः आपल्या वर्गांचेही.