मामांची मस्कट

परवा डोंबिवलीच्या मामांबरोबर ठाण्याला गेलो. मामांची उभी हयात पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात गेली. तलावपाळीला चक्कर मारून किल्ल्याकडे वळलो. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेला, मराठ्यांनी १७३७ साली जिंकलेला हा किल्ला; आज तिथे कारागृह आहे. पहाऱ्यावरची बंदूक पाहून मामा थबकले.

“आमच्या शिपायांना मस्कट मिळे. दिसायला हुबेहूब थ्री नॉट थ्री रायफल! पण इंग्रजी अमदानीत ईशापूरच्या कारखान्यात नळी आतून कोरून ७.७ मिलिमीटरची १०.४ केलेली. आतल्या पिळदार खाचा गेल्या. त्या खाचांमुळेच गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. त्याच नाहीत, तर लांबचा नेम कसला?”

“मग हा उद्योग कशासाठी?”

“बंदूक बंडवाल्यांच्या हाती पडली तर! शिपायावर तरी साहेबाचा विश्वास कुठे होता? साहेब गेला, मस्कट राहिली. चांदमारीत नेम चुकला की बोलणी शिपायाला. एकाला तर डोळे तपासायला धाडले! नळीचा गुण मला ठाऊक होता. पण मी तोंड उघडले नाही.”

परतीच्या गाडीत मुंब्र्याचा डोंगर मागे पडला तरी मामा गप्पच. डोंबिवलीला उतरताना म्हणाले, “डोळे चांगले होते रे त्याचे.”