एकांकिका लिहायचीय? मग एक दुपार निवडा

एकांकिका म्हणजे छोटं नाटक, असं बऱ्याच जणांना वाटतं. तीन अंकी नाटक आटवलं की झाली एकांकिका! तसं नसतं हो. कथा आणि कादंबरीत जो फरक, तोच इथे. एकांकिकेत पेच एकच, आणि पडदा उघडतो तेव्हा तो पिकत आलेला असतो.

आमच्या टीममधल्या एका मुलाने मध्यंतरी त्याची पहिलीवहिली एकांकिका वाचायला दिली. विषय घरचाच. तालुक्याच्या गावात वडिलांचा छापखाना होता, तो बंद पडला. प्रवेश नऊ! भरभराट, फ्लेक्सचं आगमन, कर्ज, भांडण, शेवटी कुलूप. माहिती सगळी मिळाली, पण घडलं काहीच नाही.

मी विचारलं, "यातला कुठला दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही?"

"भंगारवाला मशीन न्यायला आला तो. बाबांनी त्याला आधी चहा पाजला."

झालं! ही एकांकिका. जागा एक, दुपार एक, माणसं तीन. भंगारवाला चार वाजता येणार म्हटलं की घड्याळ आपोआप चालू होतं.

पुढचा प्रश्न, कोणाला काय हवंय? बाबांना मशीन राहायला हवंय. "आणि मुलाला?" यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जायला हवंय. त्या पैशांवरच मी पुण्याला आलो." नऊ प्रवेशांत हे वाक्य कुठेही नव्हतं. दोन माणसांना दोन उलट गोष्टी हव्यात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, यालाच संघर्ष म्हणतात. आरडाओरडा केलाच पाहिजे असं नाही.

मग आधीच्या वीस वर्षांचं काय करायचं? ती वस्तूंतून येऊ द्यायची. सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची 'ट्रायफल्स' (१९१६) जरूर वाचा. एका शेतकऱ्याचा गळा आवळून खून झालाय, बायको तुरुंगात आहे. दोघंही रंगमंचावर येतच नाहीत! पुरुष मंडळी घरभर पुरावा शोधतात आणि स्वयंपाकघराकडे बघून हसतात. तिथेच दोन बायकांना वेडीवाकडी शिवण, मोडका पिंजरा आणि मान मुरगळलेला पक्षी सापडतो. अख्खा संसार कळतो, एकही फ्लॅशबॅक न वापरता. आपल्या छापखान्यात खिळ्यांचे खण आहेतच की. त्यात एक अक्षर झिजलेलं असू दे.

संवादांचं एक सोपं पथ्य आहे. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट एकमेकांना सांगायची नाही. "बाबा, तुम्ही १९८५ साली हा छापखाना काढलात" असं कोणता मुलगा म्हणतो? तो म्हणेल, "चहा गार होतोय." बाकीचं नट बघून घेतील.

आणि अंधार जपून वापरा. स्पर्धेत मिळतो जेमतेम तासभर. प्रत्येक ब्लॅकआउटला प्रेक्षक खोकतात, मोबाईल बघतात, त्यांना परत आणायला दोन मिनिटं जातात.

लिहून झालं की चार मित्रांना जमवून, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जिथे वाचणारा अडखळतो तिथे बहुतेक वाक्य पुस्तकी झालेलं असतं. आणि जिथे तुम्हालाच वाचवत नाही, मान खाली जाते, ते वाक्य मात्र कापू नका. बहुधा त्याच्यासाठीच तुम्ही लिहायला बसला होतात.