शर्यतीच्या आदल्या दिवशी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार
पावसाळ्यानंतरची तपासणी आज पुरी केली. कपाटातले सगळे ट्रक खाली काढले, मऊ ब्रशने झटकले आणि भिंगाखाली प्रत्येकाचा तळ पाहिला. जुन्या धातूच्या मॉडेलांचा खरा शत्रू गंज नव्हे. ही मॉडेलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात. जस्तात थोडं ॲल्युमिनियम, थोडं तांबं, किंचित मॅग्नेशियम. ओतकामाच्या वेळी त्यात शिसं मिसळलं गेलं असेल, तर कित्येक वर्षांनी धातू आतून भेगाळतो, फुगतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दमट हवेत हे लवकर होतं, आणि एकदा सुरू झालं की उपाय नाही. वैनगंगेच्या या पट्ट्यात, चहूकडे बांध्यांत पाणी तुंबलेलं असताना, भिंतीसुद्धा ओल धरतात. आई मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची. तांदूळ ओल शोषतो खरा, पण त्याची भुकटी बारीक सांध्यांत शिरते, म्हणून मी सिलिका जेलच्या पुड्याच ठेवतो.

यंदा सगळे ट्रक शाबूत आहेत. फक्त एकाचे मऊ टायर खालच्या प्लॅस्टिकच्या बैठकीला चिकटले होते. टायर मऊ राहावेत म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात, ते हळूहळू बाहेर झिरपून दुसऱ्या प्लॅस्टिकला खातं. आता सगळ्यांच्या चाकांखाली ॲल्युमिनियमची फॉइल घातली आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार
गिरणीत धानाची आवक जोरात आहे. हिशेबाच्या खुर्चीवरून उठायला फुरसत नाही. संध्याकाळी भाचा आला होता. कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, सगळे शर्यतीच्या गाड्या जमवतात. तुमच्याकडं नुसते ट्रकच काहून?"

त्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. माझे वडील ट्रकवर होते. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज वाहायचे, हंगामात धानाची पोती. ट्रक होता टाटा-मर्सिडीज, लांब नाकाचा, पुढे तीन टोकांची चांदणी. टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला हे ट्रक बनवायला घेतले. तो करार १९६९ पर्यंत चालला. चांदणी गेली तरी त्या ट्रकचा तोंडवळा पुढे कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर दिसत राहिला. शाळेला सुट्टी असली की मी केबिनमध्ये किन्नरच्या शेजारी बसून जायचो. खाणीतला दगड दूर कुठल्याशा भट्टीत जाऊन पोलादात मिसळायचा. त्या पोलादाचं काय होतं हे वडिलांना कुणी सांगितलं नाही, आणि तो दगड कुणी वाहून आणला हे पोलादवाल्यांनी विचारलं नाही.

तुमसर हे वाहून नेणाऱ्यांचंच गाव आहे. धान बाहेर जातं, मँगनीज बाहेर जातं, तिरोडीकडची रेल्वेसुद्धा मुळात मँगनीजसाठीच. शर्यतीच्या फोटोत ज्या गाडीच्या गळ्यात हार पडतो तिच्याकडे माझं लक्ष जातच नाही. तिला इथवर आणलं कुणी, हे मी शोधतो.

१ डिसेंबर, रविवार
आज दिवसभर एकाच मॉडेलसोबत होतो. मर्सिडीजचा निळा ट्रक, १:४३ प्रमाणातला. माझ्या संग्रहात हा सर्वांत देखणा.

मूळ ट्रक १९५४ सालचा. वडिलांच्या ट्रकचे भाऊबंद जमशेदपूरला बाहेर पडू लागले तेच साल. मर्सिडीजच्या शर्यती-संघाचे प्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर यांना असं वाहन हवं होतं, की कारखान्यात गाडी तयार होईल त्या क्षणी ती उचलून शर्यतीला पोहोचवता यावी, आणि काही मोडलं तर तितक्याच वेगाने परत आणता यावी. असा ट्रक बाजारात नव्हता. मग संघाने घरात जे होतं त्यातून तो उभा केला: ३०० एस गाडीची चेसिस लांबवून घेतली, ३०० एसएल या स्पोर्ट्स कारचं १९२ अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, आणि साध्या १८० मोटारीचे सुटे भाग केबिनला वापरले. केबिन पुढच्या चाकांच्याही पुढे, खाली वाकलेली. मागे हौद्याच्या जागी उघडा उतार, त्यावर शर्यतीची एक गाडी. पाठीवर गाडी असतानाही हा ट्रक ताशी १६० किलोमीटरच्या वर जायचा. लोकांनी नाव ठेवलं 'निळा चमत्कार'.

याचा शर्यतीतला हंगाम एकच, १९५५. त्या वर्षी ११ जूनला फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं मेली. शर्यत थांबवली नाही. रात्री उशिरा स्टुटगार्टहून निरोप आला आणि संघाने उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. त्या वेळी फांजिओ आणि मॉस या चालकांची गाडी सर्वांच्या पुढे होती. सकाळपर्यंत संघ सामान बांधून निघूनही गेला होता. मोटारींच्या शर्यतींबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात मला सर्वांत जास्त हलवणारा प्रसंग हाच: पुढे असलेली गाडी अंधारात ट्रकवर चढवणं. ज्यांनी ती चढवली आणि पट्ट्यांनी बांधली, त्यांची नावं कुठल्या निकालपत्रकात नाहीत.

वर्षअखेर मर्सिडीजने शर्यती सोडल्या. निळ्या ट्रकला मोठं काम उरलं नाही. चाचण्यांसाठी थोडी वर्षं वापरून १९६७ मध्ये तो भंगारात काढला. पुढे कंपनीलाच हुरहूर लागली. नकाशे नीट शिल्लक नव्हते. फोटोंवरून मापं काढून १९९३ पासून तो नव्याने बांधायला घेतला आणि २००१ मध्ये पुन्हा लोकांसमोर आणला. या कामाला हजारो तास लागले. स्पर्धा जिंकलेली गाडी तर कुणीही जपेल. भंगारात दिलेला ट्रक फोटो पाहून परत उभा करणाऱ्यांना मी मनापासून नमस्कार करतो.

मूळ ट्रक पावणेसात मीटर लांब. १:४३ मध्ये तो साधारण १५७ मिलिमीटर यायला हवा. माझ्या मॉडेलला पट्टी लावली: बरोबर. जर्मनीच्या सीएमसी कंपनीने हाच ट्रक १:१८ मध्येही केला आहे, शेकडो सुट्या भागांचा. तो फोटोतच पाहिला आहे, आणि फोटोतही आनंद देतो.

१२ डिसेंबर, गुरुवार
मागवलेलं पार्सल अजून कस्टममध्ये. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्काही लागतो. देशातल्या खेळणी-कारागिरांना आधार मिळावा, हा हेतू मला मान्य आहे. पण आठशे-हजार नगच निघणारं, मोठ्या माणसांनी कपाटात ठेवायचं मॉडेल आणि बाळाच्या तोंडात जाणारा खुळखुळा यांना एकच चाळणी लावू नये.

२२ डिसेंबर, रविवार
पार्सल आलं! इटलीचा फियाट-बार्तोलेत्ती, लाल. खोक्याचा एक कोपरा चेपला आहे, आत मॉडेल धडधाकट.

फियाटची ६४२ ही बसची चेसिस, त्यावर फोर्ली गावच्या बार्तोलेत्ती कारखान्याने बांधलेली बॉडी. एकावेळी तीन गाड्या न्यायची सोय. हा ट्रक माझ्या लेखी कुठल्याही विजेत्यापेक्षा मोठा, कारण त्याने मालक बदलले पण काम सोडलं नाही. आधी माझेराती संघाकडे, १९५७ साली, म्हणजे फांजिओने पाचवं विश्वविजेतेपद मिळवलं त्या हंगामात. माझेरातीचा संघ मोडला. मग १९६० मध्ये लान्स रेव्हेंटलो या अमेरिकी तरुणाच्या स्काराब गाड्या घेऊन युरोपभर फिरला. त्या गाड्यांना यश आलं नाही, संघ लगेच मिटला. पुढे कॅरोल शेल्बीच्या कोब्रा गाड्या याने वाहिल्या आणि १९६५ मध्ये त्यांनी जीटी गटाचं जागतिक विजेतेपद नेलं. शेवटी स्टीव्ह मॅक्क्वीनच्या १९७१ सालच्या 'ल मान्स' चित्रपटात हाच ट्रक उभा दिसतो.

म्हणून संग्राहकाला पहिला प्रश्न पडतो तो सालाचा. ट्रक एकच, पण प्रत्येक संघाकडे त्याचा रंग आणि पाटी वेगळी. चुकीच्या सालाची गाडी त्यावर चढवली तर सगळा इतिहास खोटा होतो. माझा लाल आहे, माझेरातीचा. त्यावर माझेरातीची २५० एफ गाडीच शोभेल; ती मिळेपर्यंत तो रिकामाच उभा राहील.

५ जानेवारी २०२५, रविवार
सिहोऱ्याकडच्या एका गावात शंकरपट होता, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. धान निघालं, शेतं मोकळी झाली, की इकडे पटाचे दिवस. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये राज्याला त्या अटींवर सुरू करू दिल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा त्यासाठीचा कायदा कायम केला. मधल्या वर्षांत किती जोड्या विकल्या गेल्या हे इथल्या शेतकऱ्यांना विचारावं.

लोक मैदानाकडे पळत होते. मी कडेच्या आंब्याखाली उभ्या पिकअप गाड्यांकडे गेलो. बालाघाटकडून आलेल्या, गोंदियाकडच्या, एक नागपूर पासिंगची. हौद्यात तणसाचा जाड थर. दोन्ही बाजूंच्या लोखंडी दांड्यांना गोणपाट गुंडाळलेलं, बैलाचा खांदा घासू नये म्हणून. फाळक्याला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. तो खाली सोडला की त्याच पट्ट्यांवर खूर रोवून बैल उतरतो. वर ताडपत्रीचं अर्धं छप्पर, म्हणजे ऊनही लागत नाही आणि वाराही थांबत नाही. पाणी, ढेप आणि झुली ठेवायला केबिनच्या मागे वेगळी पेटी. माझ्या कपाटात जे युरोपातून गोळा केलं आहे, ते सगळं इथे होतं: उतार, बांधायची सोय, सामानाची जागा, आणि मालापेक्षा कमी झोपलेला चालक.

एकाशी बोललो. पस्तिशीचा असेल. जोडीचा मालक पुढे मैदानात, हा गाडीपाशीच. म्हणाला, "काका, पटात जोडी पाहता पाहता निपटते जी. पन आदल्या रातभर तिले धक्का न लागू देता आनावं लागते मले. गिअरबी असा टाकतो का बैलाले समजला नाही पायजे."

मी त्याला निळ्या ट्रकबद्दल सांगितलं. ताशी १६० म्हटल्यावर त्याने मान हलवली. "माल जिवंत नसंल तवा जमते," म्हणाला. एका वाक्यात त्याने मला दोन वाहनांतला फरक समजावून दिला. तिकडे वेग हवा होता, इकडे सावकाशपणा हेच कसब.

त्याच्या परवानगीने गाडीची सगळी मापं टेपने घेतली. भाचा वहीत लिहीत गेला.

१९ जानेवारी, रविवार
आज कॉर्गीचा जुना ट्रक तेलपाणी करून चालता केला. नंबर ११२६, १९६१ साली आलेला, गडद निळा. स्कॉटलंडच्या एकुरी एकोस संघाचा. एडिनबरोच्या डेव्हिड मरे यांच्या या छोट्या संघाने जॅग्वार डी-टाइप घेऊन १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्स जिंकलं. खरा ट्रक मात्र त्यानंतर आला, १९६० च्या सुमारास, फॉल्कर्कच्या अलेक्झांडर या बस बांधणाऱ्या कारखान्यात. कॉमरचं इंजिन तीन सिलिंडरचं, पण पिस्टन सहा. एकाच सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर. डिसेंबर २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात हा ट्रक सुमारे १८ लाख पौंडांना गेला. शर्यतीच्या गाडीची किंमत ओझं वाहणाऱ्या ट्रकला मिळाली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

याच्या शेजारी कलकत्त्याची निकी टॉइज कंपनीची स्टँडर्ड हेराल्ड ठेवतो. लिव्हरपूलच्या डिंकी कंपनीने वापरून झालेले साचे भारतात विकले, त्यातून ही निघाली. रंग जाड आहे, तरी ती आपल्याकडे ओतली गेली म्हणून तिचा मान वेगळा. नागपुरात सीताबर्डीच्या रविवारच्या बाजारात मिळाली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार
मापं घेतल्यापासून रात्री जेवणानंतर पिकअप बांधतो आहे. १:४३. मूळ गाडी पाच मीटरच्या आसपास, म्हणजे माझी पावणेबारा सेंटिमीटर. केबिन एका जुन्या खेळण्याची, कापून-घासून. हौदा पितळी पत्र्याचा. भंडाऱ्याच्या एका भांडेवाल्याकडून कातरण आणलं. फाळक्याची बिजागरी टाचणीची, उघडते-मिटते. तणसासाठी ज्यूटच्या दोऱ्याचे तंतू.

बैलांनी मात्र पुष्कळ दिवस घेतले. विलायती ओ-गेज रेल्वेचंही प्रमाण जवळपास १:४३, फुटाला सात मिलिमीटर, त्यामुळे त्या मापाची गुरं विकत मिळतात. पण त्यांना वशिंड नसतं. ते एम-सीलने चढवलं, गळ्याखालची पोळीही तशीच लोंबती केली. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. ते १:८७ चं जग फार वर्षांपूर्वी पाहिलं, तेव्हापासून मला हे पटलेलं आहे की आपली गोष्ट आपल्याच हातांनी बारीक करावी लागते, ती खोक्यात येत नाही.

आज रंग दिला. दोन्ही पांढरे, खांद्याशी करडे. चालकाने मालकाचा नंबर दिला होता, म्हणून फोन करून शिंगांचं विचारलं. मालक आधी नीट समजून घेईपर्यंत गप्प होते, मग बायकोला हाक मारून म्हणाले, "अवो, आपली जोडी बनवून रायले एक जन!" आणि मला बजावलं की डाव्या बैलाचं उजवं शिंग थोडं आत वळलेलं आहे, ते तसंच आलं पाहिजे. आता चिमटा तापवायला ठेवला आहे.