शाहूपुरीची वाघीण

चि. बाळास,


तू पाठवलेले एक्स-२९ च्या मॉडेलचे फोटो काल काकूच्या फोनवर मोठे करकरून पाहिले. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा हा पोलादी डबा १९२४ पासूनचा, हे तूच मागे सांगितलं होतंस. पण बाजूच्या पत्र्याच्या खालच्या कडेला तू ठिगळांची जी पट्टी बसवली आहेस, ती पाहून मात्र मी थक्क झालो. त्या डब्यांचा पत्रा खालून गंजायचा आणि रेल्वे तेवढाच भाग कापून नवा तुकडा जोडायची. म्हणजे तुझा डबा नवाकोरा नाही, वर्षानुवर्षं माल वाहून एकदा कारखान्याची वारी करून आलेला आहे. माझ्या लेखी तुझ्या सगळ्या कामात हे सरस. रिवेट मोजणारे पुष्कळ असतात, पण डब्याचं वय दाखवायला नजर लागते.

आता मागणं. अमेरिकन डबे करणारे तिथे अमेरिकेत रग्गड आहेत. त्यांना किट मिळतात, छापील नकाशे मिळतात. तू आपल्या मिरज-कोल्हापूर मीटरगेजची एक बंद वाघीण, म्हणजे मालडबा, कर.

या रेल्वेची पायाभरणी १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाली, तेव्हा ते कुमारवयातच होते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. पैसा कोल्हापूर संस्थानाचा, गाड्या चालवायची सदर्न मराठा रेल्वे. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळून एम अँड एस एम झाली. त्याआधीच, १८९५ साली, महाराजांनी शाहूपुरी वसवली होती, गुळाची पेठ तिथे नांदू लागली आणि स्टेशनाला हुकमी माल मिळाला. मात्र मीटरगेज पुण्यालाच संपायचं. मुंबईकडे, गुजरातकडे जाणारा गूळ तिथे एका वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावा लागे. १९७१ च्या सुमारास कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेज आलं आणि ही उठाठेव थांबली.

मीटरगेज होतं तेव्हा मी शाळकरी पोरगा. मालधक्क्यावर उभी असलेली वाघीण म्हणजे तांबडा-तपकिरी रंग, तोही उन्हानं विटलेला. दारावर शिशाचं सील, बाजूच्या चिमट्यात कागदी लेबल, त्याच्या शेजारी खडूनं केलेल्या खुणा. गुळाच्या हंगामात दाराच्या फटीशी माश्या घोंगावायच्या आणि उंबऱ्याखाली काळपट चिकट ओघळ आलेला असायचा. माश्या तुला करता यायच्या नाहीत, ओघळ मात्र करच. आणि तो चकचकीत ठेव. धूळ बसलेल्या रंगावर ओला दिसणारा तेवढाच डाग हवा.

मापाचं गणित मी मांडून ठेवलंय. तुझ्या १:८७ च्या प्रमाणात मीटरगेज साडेअकरा मिलिमीटर भरतं. स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्यांसाठी जो १२ मिमीचा रूळ मिळतो, तो अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं चालून जाईल. आपलं ब्रॉडगेज याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिमी होतं, पण इथले बरेच हौशी लोक गाडी साडेसोळाच्या तयार रुळावरच चालवतात. मग ती धिप्पाड पैलवानाला धाकट्याचा लंगोट नेसवल्यासारखी दिसते. त्यामानानं मीटरगेजवाला सुखी. जमलंच तर पुढे मिरज जंक्शनचा तुकडाही कर. बार्शी लाइटची अडीच फुटी लाईनही तिथवर यायची, आणि ती तुझ्या प्रमाणात पावणेनऊ मिमी येते, म्हणजे बाजारातला ९ मिमीचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो.

अमेरिकन सवयी तेवढ्या बाजूला ठेव. छपरावरची चालायची फळी नाही, वर ब्रेकचं चाक नाही. आपल्या वाघिणीला हातब्रेकचा लांब दांडा खाली बाजूला असतो. ब्रेक व्हॅक्यूमचा, त्यामुळे नळ्या आणि सिलिंडर तुझ्या एअर ब्रेकच्या किटमधले उचलून लावू नकोस. दोन टोकांना एकेकच मधला बफर, कपलिंग त्यातच. आणि बोगी तर नाहीच, चारच चाकं. तुझा एक्स-२९ शेजारी ठेवलास तर ही डबी वाटेल, पण तिला ओढूनताणून मोठी करू नकोस.

खरी अडचण सालाची आहे. १९३० ची वाघीण केलीस तर एम अँड एस एमची अक्षरं ठसठशीत हवीत. १९६५ ची केलीस तर त्यांचा मागमूस नको. मी म्हणतो, १९५१ नंतरची दोन-तीन वर्षं धर. त्या वर्षी १४ एप्रिलला दक्षिण रेल्वे झाली आणि जुन्या कंपनीचं नाव कागदोपत्री संपलं. पण सगळ्या वाघिणी काही एका रात्रीत रंगवून निघत नाहीत. तुझ्या ठिगळांसारखंच काम इथे अक्षरांवर करता येईल: नव्या रंगाच्या चौकोनाखालून जुनी अक्षरं पुसट दिसताहेत, असं. तुझे मित्र विचारतील, हे असं का? मग त्यांना कोल्हापूर संस्थानापासून सगळं सांगत बस.

चाकांची काळजी करू नकोस. इथे उद्यमनगरात एक टर्नर आहे, पितळेचं बारीक काम हौसेनं करतो. तुझा नकाशा दाखवला तर आधी हसेल आणि मग चहा मागवेल. हातब्रेकचा दांडा आणि दाराच्या कड्या हुपरीच्या चांदी कारागिरांना दाखवून बघतो. चांदीची साखळी जोडणाऱ्याला हे डाग देणं काही अवघड नाही.

मी इकडे पुरालेखागारात जाऊन संस्थानच्या रेल्वेची दप्तरं चाळतो, वाघिणीचा नकाशा हाती लागला तर बघू. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयातल्या मीटरगेज गाड्यांचे फोटो तुझ्या सुट्टीत काढू. तोवर तू साल पक्कं करून कळव. आणि मापं मिलिमीटरमध्ये पाठव, टर्नर तुझ्या इंचाच्या चौसष्टाव्या भागाला भीक घालणार नाही.

तुझा,
काका