सन नसलेली पत्रे

उजवा डोळा अधू झाल्यापासून मोडी कागद मी स्वतः वाचत नाही. मावळातल्या आमच्या कान्हे गावातलीच एक विद्यार्थिनी मोठ्याने वाचते, मी ऐकतो. कागद उलगडताच, मायन्याआधीच ‘हा अमक्याच्या कारकुनाचा हात’ असे सांगून चारचौघांत भाव खाण्याची मला भारी हौस होती. डोळ्यापेक्षा ती हौस गेल्याचे दुःख मोठे आहे.

दर पत्राला विद्यार्थिनीचा प्रश्न ठरलेला: “सर, सन कुठंय?” बहुतेक वेळा नसतोच. छ म्हणजे चंद्राची तारीख असते, पुढे महिना रजब की शाबान ते असते. चालू साल लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊकच असे. ते ठरवायचे काम आपल्या गळ्यात येते. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांचा सगळा न्याय तिथेच अडतो.

मार्च १७३० मध्ये बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजीअप्पा यांनी मोगल सुभेदार सरबुलंदखानाकडून गुजरातच्या चौथाईचा करार मिळवला. गुजरात म्हणजे खंडेराव दाभाड्यांनी वर्षानुवर्षे मोहिमा करून बसवलेला सेनापतींचा मुलूख. त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव पेशव्यांविरुद्ध निजामाकडे वळले ते नेमके कधी? त्याविषयीचे पत्र करारापूर्वीचे मानले, की ते फितूर. नंतरचे मानले, की ज्याचा हक्क परस्पर काढून घेतला असा सरदार. या कागदांतला शुहूर सन मृगाला बदलतो, आमच्या भातपेरणीच्या सुमारास. म्हणजे करार एका सनाच्या अखेरीस आणि पेशवे-दाभाड्यांची डभईची लढाई पुढच्या सनाच्या अखेरीस. शाबानचे पत्र यातल्या कोणत्या शाबानचे, यासाठी मी रात्री जागतो. पत्रात एखादी स्वारी, एखादे लग्न, कुणाचे आजारपण सापडते का ते शोधतो. पुष्कळदा काहीच सापडत नाही.

१ एप्रिल १७३१ रोजी डभईला बाजीरावांशी लढताना त्रिंबकराव पडले. त्यानंतर शाहू महाराजांनी सेनापतिपद त्यांच्याच भावाला, यशवंतरावांना दिले. राजद्रोह्याच्या घरात कोणी पद ठेवत नाही. खुद्द छत्रपतींचा हा निवाडा मी कोणत्याही पत्रापेक्षा वरचा पुरावा मानतो. त्रिंबकरावांच्या आई उमाबाई पुढे पेशव्यांविरुद्ध ताराबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या. १७५१ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी दाभाड्यांना कैद केले, १७५३ मध्ये उमाबाई पुण्यात वारल्या. त्यांचे मुतालिक गायकवाड मात्र पेशव्यांशी तह करून बडोद्याचे धनी झाले.

या शोधातला आधार शेजारचाच. कान्ह्याच्या पुढचेच स्टेशन कामशेत. तिथे रियासतकार सरदेसाई राहत. पेशवे दफ्तराचे ४५ खंड त्यांनी संपादून छापवले. त्या खटाटोपापुढे मी हात जोडतो. पण दफ्तर पेशव्यांचे. त्यात दाभाडे येतात ते पुण्यापर्यंत पोचलेल्या कागदांपुरते. संपादकाने तर्काने कंसात घातलेला सन आज कोणीही मुळातला म्हणून ठोकून देतो, याची मला चीड येते. दहा दिवसांच्या वर्गात मोडीची बाराखडी शिकून लोक निकाल लावू लागले आहेत. पेशव्यांचे अभिमानी तेच करतात आणि दाभाड्यांचेही.

म्हणून मावळातल्या जुन्या घरांना माझी विनवणी आहे. माळ्यावर, देव्हाऱ्यामागे एखादा रुमाल बांधलेला असेल तर तो सोडा. कागदांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून जाणत्या वाचकाला दाखवा. आणि एका रुमालातले कागद वेगळे करू नका. सन नसलेल्या पत्राचे साल कित्येकदा त्याच्या शेजारच्या कागदावरूनच कळते.